तुळशीवर फुली

कालच्या नोटिशीत तीन फुल्या आहेत. त्यातली एक तुळशीवर.

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या टेकडीवर राहतो. उन्हाळ्याच्या तोंडाला अग्निशमनवाले येऊन गवत मोजतात. ४ इंचांच्या वर गेलं की फुली. घरापासून १०० फूट साफसफाई, आणि भिंतीलगतच्या ५ फुटांत पेटणारं काहीच नको. १९९१ साली ओकलंडच्या टेकड्या पेटल्या तेव्हा २५ माणसं गेली, त्यामुळे नियमाबद्दल तक्रार नाही. गवत तर मी सकाळी दहाच्या आत कापलं होतं. उन्हं चढल्यावर पातं दगडाला लागून ठिणगी उडते म्हणे. इतका मी आज्ञाधारक.

तपासणीला आलेला पोरगा दारात थांबून वर बघत राहिला. पाडव्याचं तोरण. आंब्याची पानं पापडासारखी कुरकुरीत. त्याने एक चुरून पाहिलं.

"हे काय?"

"शुभ असतं," मी म्हणालो. इंग्रजीत ते फारच लुळं वाटलं.

"पेटेल."

आई बाहेर आली. मुक्काम सहा महिने, मूळ संगमेश्वर. "काय म्हणतोय?"

"तोरण काढा म्हणतोय."

"दसऱ्याला काढू. आणि सांग त्याला, जन्मभर वणवे बघितलेत आम्ही. तोरणाने लागलेला एक नाही."

"ती विचार करतेय," मी भाषांतर केलं.

मग तो तुळशीकडे वळला. हिवाळ्यात गारठून तिच्या नुसत्या काड्या उरल्यात.

"इज इट डेड?"

आईला इंग्रजी येत नाही, पण 'डेड' कळतं. "मेली काय मेली! कार्तिकात लग्न आहे तिचं!"

हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. का, देव जाणे. त्याने टॅबलेटवर बराच वेळ काहीतरी टाइप केलं.

तिसरी फुली पन्हळीत साचलेल्या पाइनच्या सुयांची. झाड शेजाऱ्याचं, पन्हळ माझी, फुली माझी. समोरच्या उतारावर कंबरभर वाळलेलं गवत आहे, ते कुणाचं विचारलं. इथल्या नगरपालिकेचं. ते खायला जुलैत भाड्याच्या शेळ्या येणार आहेत.

"भाड्याच्या?" आईने दोनदा विचारलं. गावी शेळ्या परसात शिरल्या की ती दगड घेऊन धावते.

म्हणजे नगरपालिकेला जुलैपर्यंत सवड, मला पंधरा दिवस. फेरतपासणीत फुली राहिली तर तिचे पैसेही मीच भरायचे.

तुळस मी ५ फुटांपलीकडे सरकवली. तिथे ऊन पोचत नाही. आई म्हणते, आता मरेल.