डिस्चार्ज कार्डाच्या पुढे

देवगड तालुक्यातील आमच्या वाडीतून धाकटा भाऊ अधूनमधून स्थानिक वर्तमानपत्रांची कात्रणे फोनवर पाठवतो. गेली काही वर्षे त्यांत आरोग्याचा विषय आला की बहुधा तीनच गोष्टी असतात: डॉक्टरांची रिक्त पदे, सावंतवाडीच्या मल्टिस्पेशालिटी रुग्णालयाची मागणी, आणि हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला गोव्यातील बांबोळी किंवा कोल्हापूर गाठेपर्यंत लागणारा वेळ. तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. झटक्यात रक्तवाहिनी बंद पडल्यावर प्रत्येक मिनिटाला हृदयाचा थोडा स्नायू मरतो, आणि बंद रक्तवाहिनी उघडण्याची सोय असलेली कॅथलॅब घाटापलीकडे असेल तर ती कितीही अद्ययावत असली तरी उशीर होतोच. तरीही हा वाद वाचताना मला एक उणीव सतत जाणवते. तो रुग्णालयाच्या दारापर्यंत येऊन थांबतो. अँजिओप्लास्टी होऊन घरी परतलेल्या माणसाच्या पुढच्या बारा महिन्यांविषयी त्यात जवळजवळ काहीच नसते.

मी परिचारिका आहे. माझे शिक्षण कोकणात झाले, आणि गेली अनेक वर्षे मी उत्तर इंग्लंडमधील एका शहरात, हृदय कमजोर झालेल्या रुग्णांसाठी काम करते. या आजाराला इंग्रजीत हार्ट फेल्युअर म्हणतात. नावामुळे हृदय बंद पडल्याचा समज होतो. प्रत्यक्षात ते चालू असते, पण शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलू शकत नाही, त्यामुळे पाणी साठते. आमच्याकडे लोक ‘छातीत पाणी झाले’ म्हणतात, आणि मला ते वर्णन अधिक नेमके वाटते.

माझ्या वडिलांना, अण्णांना, झटक्यानंतर हाच आजार जडला. घाटावरच्या एका शहरात त्यांच्यावर उत्तम उपचार झाले, आणि घरी येताना त्यांच्या हातात नऊ औषधांचे इंग्रजीत लिहिलेले कार्ड पडले. त्यांत लघवी वाढवून पाणी उतरवणारी गोळी होती, पण ती रोज का घ्यायची हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. बाजाराला किंवा देवळात जायचे असले की ते ती गोळी टाळत, कारण ‘ती घेतली की चार वेळा उठूचा लागता’, आणि एसटीत हे कसे जमावे? मिठाचा विषयही कोणी काढला नव्हता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत आमच्याकडे खारे बांगडे आणि सुकट यांच्यावरच जेवण निभावते. जुलैच्या मध्यावर अण्णांचे पाय सुजले. पावसामुळे चालणे कमी झाले म्हणून सूज आली असेल, असे समजून त्यांनी आठवडा काढला, आणि एका रात्री आडवे पडताच श्वास कोंडू लागल्यावर भर पावसात फोंडा घाट चढून त्यांना न्यावे लागले. नंतर मी फोनवर बांगड्यांविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘पावसात दुसरा काय गावता, बाय?’

माझ्या इथल्या कामाचा मोठा भाग म्हणजे असले प्रश्न वेळेवर विचारणे. रुग्ण घरी गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तज्ज्ञ पथकातील कोणीतरी त्याला पुन्हा तपासावे, अशी इंग्लंडमधील राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची अपेक्षा आहे, आणि बहुतेक वेळा ती तपासणी परिचारिकाच करते. रोज सकाळी लघवीनंतर आणि न्याहारीपूर्वी वजन करावे, तीन दिवसांत ते दोन किलोंनी वाढले तर फोन करावा, हे मी रुग्णाला शिकवते. औषधे कमी मात्रेपासून सुरू होतात, आणि दर काही आठवड्यांनी रक्तदाब, नाडी, मूत्रपिंडाचे कार्य व रक्तातील पोटॅशियम पाहून मी ती वाढवते. वाढवायला कोणी उरले नाही, तर रुग्ण पहिल्याच मात्रेवर वर्षानुवर्षे राहतो. अण्णांचे तेच झाले होते.

याला पुरावा आहे. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ग्लासगोतील १६५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या रुग्णांकडे प्रशिक्षित परिचारिका घरी जात आणि मधल्या काळात फोनवर चौकशी करत. त्या गटातील ३७ टक्के रुग्ण मृत्यू पावले किंवा याच आजाराने पुन्हा दाखल झाले, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ५३ टक्के होते.

गावाकडच्या डॉक्टरांशी बोलले की एक आक्षेप हमखास येतो: परिचारिकेने औषधाची मात्रा बदलणे धोक्याचे आहे. मी तो हलक्यात घेत नाही. स्पायरोनोलॅक्टोन हे या आजारातले औषध रक्तातील पोटॅशियम वाढवते; ते देऊन पोटॅशियम तपासले नाही तर त्याच औषधाने माणूस दगावू शकतो. इथेही औषधे लिहून देण्याचा अधिकार पदवीबरोबर आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळे शिक्षण घ्यावे लागते, आणि परिचारिकांसाठी हे क्षेत्र २००६ पासून खऱ्या अर्थाने खुले झाले. शिवाय इथले सगळे चांगले आहे असेही नाही. माझे कितीतरी रुग्ण एकटे राहतात, आणि आठवडाभरात त्यांच्या घरी येणारी मी एकटीच असते. अण्णांच्या घरी मात्र सूज सगळ्या वाडीने पाहिली होती. तिचा अर्थ कोणाला ठाऊक नव्हता, एवढेच.

म्हणून माझे म्हणणे मर्यादित आहे. औषधे लिहिण्याचा अधिकार आज मागू नये, पण प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हृदयरुग्णांची यादी सांभाळणारी एक परिचारिका नेमावी, तिला फोन द्यावा, आणि वजन वाढल्यास पाण्याची गोळी कितीपर्यंत वाढवायची व कधी थेट दाखल करायचे, हे डॉक्टरांनी तिला लिहून द्यावे. आपल्याकडे हे अशक्य नाही. २०१७ साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात राज्यातील पहिल्या जिल्ह्यांत आमचा सिंधुदुर्ग होता, आणि त्याची रचना अशीच होती: औषधांचा ठरलेला लेखी क्रम, परिचारिकेने घेतलेला रक्तदाब, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या. मात्र हे काम लसीकरण, नोंदवह्या आणि रात्रपाळी करून दमलेल्या सिस्टरच्या गळ्यात आणखी एक रजिस्टर म्हणून बांधले तर ते कागदावरच राहील. ते स्वतंत्र, कायम आणि पुरेशा पगाराचे पद हवे. असे पद तेव्हा असते तर मी कोकणात थांबले असते, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण माझ्यापुढे निवड तरी असती, आणि माझ्याबरोबर शिकलेल्या, कंत्राटी नोकऱ्यांना कंटाळून पांढरा गणवेश सोडलेल्या मैत्रिणींपुढेही.

अण्णांसाठी भावाने वजनकाटा आणला आहे. रोज सकाळी त्यांचा आकडा माझ्या फोनवर येतो. गेल्या पावसाळ्यापासून वाडीतल्या आणखी दोघांचे आकडे येऊ लागले. त्यांतल्या एकांना मी कधी भेटलेलेही नाही. ऑगस्टमध्ये त्यांचे वजन दोन दिवसांत दीड किलोने वाढले, तेव्हा मी सात हजार किलोमीटरांहून दूर बसून त्यांच्या सुनेला उपकेंद्रात जायला सांगितले. उपकेंद्र त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.