खुलासा : ‘थकवा आला की ठोक्यांची गोळी बंद करा’ हा सल्ला धोक्याचा

हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांसाठी एक संदेश फिरतो आहे: ‘गोळीने थकवा, चक्कर आली तर ती लगेच सोडा, दोन दिवसांत शरीर स्वच्छ होते.’ यातला त्रास खरा आहे, सल्ला चुकीचा.

मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर (ठोक्यांचा वेग कमी करणाऱ्या) गोळ्यांनी सुरुवातीला गळून गेल्यासारखे वाटते, हातपाय गार पडतात. अनेकांना काही आठवड्यांत सवय होते. पण ही गोळी एकदम थांबवली तर ठोके उसळून वेगाने पडू लागतात, छातीतही दुखू शकते. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.

‘दोन दिवसांत स्वच्छ’ हे तर अॅमिओडॅरोन या ठोके नियमित ठेवणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत अगदीच खोटे. ते चरबीत साठते, आणि बंद केल्यावरही कित्येक आठवडे, कधी महिने शरीरात राहते. त्यात आयोडीन भरपूर असल्याने थायरॉइड बिघडू शकते. म्हणून थायरॉइड आणि यकृताची रक्ततपासणी साधारण दर 6 महिन्यांनी होते. उन्हात त्वचा लवकर भाजते, अंग झाकून जा. नवा कोरडा खोकला किंवा धाप मात्र अंगावर काढू नका; फुप्फुसांवर परिणाम झालेला असू शकतो.

त्रास मुकाट्याने सोसा, असे मी अजिबात म्हणत नाही. कधी चक्कर आली, तेव्हा नाडी आणि रक्तदाब किती होता, हे लिहून डॉक्टरांना दाखवा. मात्रा किंवा औषध बदलता येते. शुद्ध हरपली तर थेट रुग्णालय गाठा.