चिपटं, मापटं आणि तुमच्या आज्जांची पावकी

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली तेव्हा राग आला. सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली, तेव्हा निम्मी तरी पटली. त्या निम्म्याचा हिशेब द्यायचा म्हणून हे उत्तर लांबलंय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. खानापूर तालुक्यातल्या आमच्या सरकारी मराठी शाळेत शनिवारी मातीकाम झालं, त्यावर मी मागं कौतुकानं लिहिलं होतं. त्यावर बेळगाव तालुक्यातल्या एका पालकांनी, ज्यांचा मुलगा अशाच शाळेत चौथीत आहे, लिहिलं: "बाई, हे सगळं फोटोला छान दिसतं. माझ्या पोराला अजून सतराचा पाढा येत नाही. आमच्या आज्जाची शाळा तिसरीत सुटली, तरी पावकी-निमकी तोंडपाठ होती. पाच वर्गांना दोन शिक्षक, पट घसरलेला. पोरांना कन्नड यायला पाहिजे, इंग्रजी यायला पाहिजे, आणि तुम्ही माती मळायला लावताय. गरिबाच्या पोरानं मातीतच राहायचं काय?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तोच लागला.

ही शंका पहिल्यांदा तुम्हालाच आलेली नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात तिथले मुख्यमंत्री राजाजींनी (सी. राजगोपालाचारी) प्राथमिक शाळेची योजना आणली होती. मुलांनी निम्मा वेळ शाळेत बसायचं आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकायचा. लोकांनी तिला 'कुलकल्वी' म्हटलं, म्हणजे कुळाचं शिक्षण. सुताराच्या पोरानं रंधाच धरायचा, असा तिचा अर्थ लागला. एवढा विरोध झाला की १९५४ मध्ये राजाजींनी पद सोडलं, त्यांच्या जागी कामराज आले आणि योजना मोडीत निघाली. गांधीजींची नई तालीम त्याच्या आधीची. १९३७ च्या एप्रिलमध्ये ते आपल्याच जिल्ह्यात, हुदलीला मुक्कामाला होते आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला. त्यांना धंदा शिकवायचा नव्हता, धंद्यातून गणित, इतिहास, भूगोल शिकवायचा होता. पण कागदावरचा हा फरक गावात उतरेपर्यंत मध्ये जात उभी राहते.

खानापूर तर मातीचंच गाव. इथली कौलं, इथली मडकी, ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थासुद्धा इथंच. त्या शनिवारी वर्गात कुंभाराच्या घरची दोन मुलं होती. सगळ्यात देखणी बोळकी त्यांनीच केली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या आणि लेखात अभिमानानं लिहिलं. तुमची प्रतिक्रिया वाचून विचार केला, त्या दोघांना त्या दिवशी शाळेनं काय दिलं? जे घरी येत होतं तेच इथं करून दाखवलं, बस्स.

खरं तर द्यायचं ठरलं होतं. ओल्या मातीच्या दहा सेंटिमीटरच्या पट्ट्या करायच्या, वाळल्यावर पुन्हा मोजायच्या, किती आखडल्या ते वहीत लिहायचं. कणांमधलं पाणी उडून गेलं की कण जवळ सरकतात आणि माती आखडते. कुंभाराला हे हातानं ठाऊक असतं, म्हणून तो मडकं जरा मोठंच घडवतो. ते 'जरा' म्हणजे नेमकं किती, हे त्याच्या पोरीनं आकड्यात मांडलं असतं तर ती घरी काहीतरी नवं घेऊन गेली असती. पट्ट्या केल्या, आखल्यासुद्धा. मग रविवार आला, सोमवारी कुणीतरी व्हरांडा झाडला आणि पट्ट्या उकिरड्यावर गेल्या. हे मी लेखात लिहिलं नव्हतं. फोटो होते, वही नव्हती. एवढ्यापुरतं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

आता तुमच्या आज्जांकडे येते. इथं मात्र मी भांडणार आहे.

पावकी म्हणजे पावाचा पाढा: एकाचा पाव, दोनाचा अर्धा, तिनाचा पाऊण, चाराचा एक. तसाच निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणाचा, मग सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी साडेतीनाची औटकीसुद्धा. आपल्या आज्ज्या-पणज्यांना हे येत होतं आणि आपल्याला येत नाही, हे खरंच. पण ते गेलं कधी आणि का? १९५७ मध्ये रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. १९५८ पासून शेर-मणाच्या जागी किलो-लिटर यायला लागले. तोवर बाजारात उभ्या माणसाला पावकीशिवाय गतीच नव्हती. पाव रुपया म्हणजे चार आणे, सव्वा शेराला इतके तर अडीच शेराला किती, हे रोजचं होतं. तुमच्या आज्जांच्या तोंडात पावकी होती, कारण हातात माप होतं. मास्तरांच्या छडीनं ती आली असती तर छडी पुढंही बरीच वर्षं टिकली, पावकी का टिकली नाही? माप हातातून गेलं आणि मागोमाग पाढा गेला.

म्हणून गेल्या सुगीत आम्ही माप परत हातात दिलं. चौथी-पाचवीच्या मुलांना घरून जे मिळेल ते माप आणायला सांगितलं. आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत भात मापायला शेर असतोच. तर आली: एक पायली, तीन शेर, दोन मापटी, एक चिपटं. व्हरांड्यात ताडपत्री, त्यावर भात. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पहिला तास नुसता सांडलवंडीत गेला. एक शेर तळाला फुटका निघाला ("बाई, ह्यो शेर गळूलाय!"), त्यामुळं प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं. ते का वेगळं, हे शोधण्यात दुसरा तास गेला, आणि तो वाया गेला असं मी म्हणणार नाही.

मग पाटी. चिपटं म्हणजे शेराचा कितवा भाग? १/४. मापटं? १/२. एक मापटं आणि एक चिपटं मिळून? पाऊण शेर, ३/४. इथवर पुस्तकातलंच झालं. मग एका मुलीनं विचारलं, अर्ध्याचं अर्धं पाव झालं, तर पावाचं अर्धं काय? मी १/८ लिहिणार, तेवढ्यात जेवण रांधायला येणाऱ्या मावशी दारातून म्हणाल्या, "कोळवं." आणि कोळव्याचं अर्धं निळवं, म्हणजे शेराचा सोळावा भाग. माझ्या मुलांसाठी १/१६ ही संख्या त्या दिवशी मावशींच्या तोंडून आली.

पुढच्या आठवड्यात दशांश घेतला. तुमच्या मुलाला आज विचारून बघा: ०.५ मोठा की ०.२५? निम्मी मुलं ०.२५ म्हणतात, कारण पाचापेक्षा पंचवीस मोठे. माझ्या वर्गातही म्हणाली. मग मापटं आणि चिपटं शेजारी ठेवलं आणि कुठला अंक कुणाचा ते चिकटवायला सांगितलं. एकानं ०.२५ मापट्यावर चिकटवला, डोकं खाजवलं, काढला, चिपट्यावर लावला. मी काही बोलले नाही.

हो, आणि सतराचा पाढा पाठ हवाच. पाठांतराला माझा कधीच विरोध नव्हता. चिंचोक्यांच्या ओळी लावून सतरा म्हणजे दहा आणि सात हे एकदा दिसलं, की सात सतरा म्हणजे सत्तर आणि एकोणपन्नास हे अडल्यावर काढता येतं. पण काढायला लागू नये म्हणून म्हणायचा रोज, सकाळी, मोठ्यानं. आम्ही म्हणतो. त्याचे फोटो कुणी काढत नाही, म्हणून तुम्हाला दिसले नाहीत.

भाषेचं तुम्ही लिहिलंत ते मला सगळ्यात जवळचं. आपलं पोर घरी जी मराठी बोलतं ती पुस्तकात नसते. पुस्तकातली मराठीही अनेकदा कन्नड पुस्तकावरून बेतलेली, एका वाक्यात दोनदा अडखळायला लावणारी. त्यात कन्नड आणि इंग्रजी. शाब्दिक उदाहरण चुकतं तेव्हा गणित चुकलं की वाक्य कळलं नाही, हे आम्हा शिक्षकांनाही कळत नाही. माप हातात असलं की हा घोळ निम्मा मिटतो, कारण शेर सगळ्यांना कळतो. आवारातच कन्नड शाळा आहे, तिथली चार मुलं भातावर बसली होती. ती अर्ध्याला 'अर्ध'च म्हणाली, पाऊणला 'मुक्काल', पावाला 'काल'. आमचा एक बहाद्दर म्हणाला, "काल म्हणजे पाय न्हवं?" सगळे हसले. पण तो बरोबर होता. कन्नडमध्ये काल म्हणजे पायही आणि चौथाईही. आणि आपला पाव? तोही संस्कृत पादावरून आला, पाद म्हणजे पाय. जनावराला चार पाय, म्हणून एक पाय म्हणजे पाव. दोन्ही भाषांनी एकाच बैलाकडे बघून अपूर्णांक मोजला. काल, अर्ध, मुक्काल हे शब्द आमच्या मुलांना त्या दिवसापासून आलेत, शब्दार्थ पाठ न करता. आपल्या मुलांना कन्नड यायलाच पाहिजे. मराठी शाळा टिकावी असं वाटणाऱ्यांनी हे आधी मोठ्यानं म्हणायला पाहिजे.

पाच वर्गांना दोन शिक्षक, हे कायद्यातच बसतं: शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (आरटीई) साठ मुलांपर्यंत दोनच. पण दादा, याच अडचणीतून तर 'नली-कली' ही शिकवायची पद्धत निघाली. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातल्या शिक्षकांनी आंध्रातल्या ऋषी व्हॅली शाळेची बहुवर्ग पद्धत (एका खोलीत अनेक वर्ग एकत्र) बघून ती सुरू केली आणि २००९ मध्ये ती राज्यभरातल्या कन्नड शाळांत गेली. शिडी, तिच्या पायऱ्यांवर चित्रांच्या खुणा, प्रत्येक खुणेचं कार्ड. मूल आपली पायरी ओळखून कार्ड घेतं आणि गटात बसतं, भिंतीवर त्याच्या उंचीचा फळा. शिक्षक एका गटाजवळ असताना बाकीचे रिकामे बसत नाहीत. शेजारच्या कन्नड वर्गात मी हे कितीदा तरी बघितलंय. सगळं गोड नाही. कार्डं हरवली की पायऱ्याच गायब होतात, आणि नोंदी ठेवता ठेवता बाईंचा जीव जातो. पण एकट्या शिक्षकाला हातचं काम परवडत नाही, हे मात्र त्या वर्गात बसल्यावर म्हणवत नाही. खडू-फळ्यावर पाच वर्ग एकदम शिकवणंच परवडत नाही.

इंग्रजीचं पुन्हा कधीतरी. थोडक्यात, इंग्रजी हवी. त्यासाठी इंग्रजी माध्यमाच्या व्हॅनमध्ये सहा वर्षांचं पोर रोज पाऊण तास हवंच, हे मला पटत नाही. पट घसरण्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

मातीच्या पट्ट्या येत्या शनिवारी पुन्हा करणार आहोत, यंदा कपाटात कुलूप लावून वाळवू. आणि तुमच्याकडं एक काम आहे. आमच्या संचात कोळवं नाही. रंगाच्या डबीचं झाकण कोळवं म्हणून वापरतोय. आज्जांच्या कोठीत, माळ्यावर एखादं पडलंय का बघा. मिळालं तर कुणाबरोबर पाठवू नका, पोराला घेऊन या. दोन कोळव्यांत चिपटं खरंच काठोकाठ भरतं का, हे आमच्यात अजून कुणी तपासलेलं नाही. मावशी भरतं म्हणतात, एवढ्यावरच चाललंय.