विमान आलं, रंग घाटात अडकला

कॉलेजात सुटलेला छंद चाळिशीत पुन्हा धरावा म्हटलं, तर अख्ख्या गोव्यात विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल जोडायला गोंद मिळू नये? पणजी विचारा, मडगाव विचारा, उत्तर एकच: "फेव्हीक्विक चलता मरे?" नाही चलत, बाबा! त्याच्या वाफेने कॉकपिटची काच पांढरी पडते. चतुर्थीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतात, तिला लागणारं दुर्मिळ रानफळ म्हापशाच्या बाजारात मिळतं, पण 000 नंबरचा, केसासारखा बारीक ब्रश? "शाळेचो जाय?" म्हणजे शाळेचा हवा का!

दुकानांत जिथे मॉडेलच्या किटच्या खोक्यांची चळत असायची, तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतात. म्हणे, ऑनलाइन मागवा! मागवलं. 1/72 चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, सी हॅरियर हे नौदलाचं लढाऊ विमान आलं. रंग? इनॅमल आणि थिनर ज्वलनशील, विमानातून पाठवत नाहीत. म्हणजे विमान विमानाने येणार आणि त्याचा रंग ट्रकने घाट उतरणार. कधी? भर जुलैत! बाहेर धो धो पाऊस, हवा इतकी दमट की मीठसुद्धा बरणीतून सुटत नाही, आणि मी झटपट वाळणारा लॅकर फवारायचा? फवारला की लगेच दुधाळ डाग.

खरं सी हॅरियर बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात उभं आहे, ते खुशाल बघा. पण या वीतभर पोराला नौदलाचा करडा रंग द्यायचा तर तपश्चर्या करा! मग निवांत पेज जेवणारे काका विचारतात, "तयार विमान मेळना रे बाजारात?"