रात्री अकरा वाजता नोंदवलेली हरकत

देवनागरी मजकूर जुळवणाऱ्या एका छोट्या ओपन सोर्स लायब्ररीचं (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा, सर्वांना खुला कोड) काम मी बरीच वर्षं हौसेनं करतोय. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांतला ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर देतात, तर काही र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. दोन्ही चालावेत म्हणून कोडमध्ये एक खास अट होती. मे महिन्यात एकानं साफसफाई म्हणून ती काढायचा पॅच, म्हणजे कोडमधला प्रस्तावित बदल, दिला. मी रात्री अकराला चॅटवर लिहिलं, 'थांबा, मराठी मोडेल, सकाळी सविस्तर सांगतो.' आणि झोपलो.

तेव्हा कॅलिफोर्नियात सकाळचे साडेदहा वाजले होते. मी उठलो तोवर दोनशेच्या वर मेसेज आणि पॅच मर्ज, म्हणजे मूळ कोडमध्ये सामील. माझ्या ओळीनंतर कुणाचं तरी बिल्ड अडकलेलं, त्यावर चर्चा, कुणाच्या सुट्टीचे फोटो, मग कधीतरी 'करूया का?' आणि खाली तीन अंगठे. झाला निर्णय! माणसं वाईट नाहीत, मी त्यांना ओळखतो. पण माझी हरकत वर वाहून गेली होती आणि ती कुणाला दिसलीच नाही.

म्हणून स्पष्ट लिहितो: गप्पा चॅटवर मारा, निर्णय मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्या सभासदांना एकत्र जाणाऱ्या ईमेलवर, घ्या. ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्या अपाचे फाउंडेशनमध्ये जुना दंडक आहे की जे लिस्टवर झालं नाही, ते झालंच नाही. तिथे मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुलं ठेवतात. त्या ७२ तासांत पुण्यातला माणूस झोपून उठतो, नोकरी करून येतो आणि मग शांतपणे उत्तर लिहितो. मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्यासारख्याला तर हा वेळ फारच मोलाचा. चॅटवर जो भराभर इंग्रजी टाइप करतो त्याचंच म्हणणं पुढे जातं. मेल मी तीनदा वाचून पाठवतो.

आणि मागचं सापडतं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलमधल्या, एखाद्या ओळीवर 'गिट ब्लेम' (ती ओळ कुणी, कोणत्या बदलात लिहिली ते सांगणारी आज्ञा) चालवा. कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, मिळतो, पुष्कळदा त्याच्या तळाशी लिस्टवरच्या चर्चेची लिंक असते, आणि ती उघडली की कुणी काय आक्षेप घेतला, कुणी तो कसा खोडला, सगळी चर्चा समोर. सात-बाऱ्यावरच्या फेरफाराच्या नोंदीसारखं. स्लॅक या चॅट सेवेच्या फुकट योजनेत ९० दिवसांपलीकडचं दिसत नाही. आयआरसी या जुन्या चॅट पद्धतीच्या फ्रीनोड नेटवर्कचे स्वयंसेवक मे २०२१ मध्ये एकगठ्ठा बाहेर पडले, लिबेरा चॅट हे नवं नेटवर्क उभं राहिलं आणि कित्येक प्रकल्पांना बिऱ्हाड हलवावं लागलं. लिस्टची प्रत शेकडो सभासदांच्या इनबॉक्समध्ये असते, ती कुणाच्या मर्जीवर नसते.

मेलचा त्रास मला ठाऊक आहे. कर्नलच्या लिस्ट एचटीएमएल (सजवलेल्या मजकुराचे) मेल परत पाठवतात, वेबवरच्या जीमेलमधून पॅच चिकटवला की टॅबचे स्पेस होतात आणि पॅच लागत नाही, आणि कॉलेजातलं पोर पहिल्याच दिवशी घाबरतं. त्याला चॅटवर दोन मिनिटांत उत्तर मिळतं, ते मिळायलाच हवं. रिबेस (आपले बदल नव्या कोडवर पुन्हा बसवणं) मला आयआरसीवरच एका अनोळखी माणसानं रात्री दोनपर्यंत जागून शिकवलं, ते मी विसरलेलो नाही. पण त्या गप्पांतून काही ठरलं, तर ज्यानं विषय काढला त्यानं पाच ओळी लिस्टवर टाकाव्यात आणि तीन दिवस थांबावं. एवढंच मी मागतोय.

आमची जुनी लिस्ट २०२१ पासून जवळजवळ ओस आहे. गेल्या आठवड्यात तिच्यावर एक मेल आला. लातूरच्या एका विद्यार्थिनीनं माझ्या २०१९ च्या मेललाच उत्तर दिलं होतं. नव्या आवृत्तीत 'तऱ्हा' मोडतंय, कारण शोधताना हा जुना मेल सापडला, अट का होती ते कळलं. खाली पॅच होता, अट पुन्हा घालणारा. सहा ओळींचा, टॅब शाबूत.