‘काळं रबर भरा, दहा वर्षं विसरा’: टर्फवाल्या मेसेजचं काय खरं, काय खोटं

हॉटेलवाले, सोसायटीच्या कमिट्या आणि बॉक्स क्रिकेटवाले यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. आशय असा: टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, कुठलंही असो, आत टायरचं काळं रबरच भरा. वाळू पाणी धरते, दगडासारखी बसते. रबर मऊ, थंड, पावसात न हलणारं; एकदा भरलं की दहा वर्षं बघायला नको. खाली रबराचा किलोचा दर. म्हणजे सल्ला कुणाचा, हे वेगळं सांगायला नको.

पहिला दावा, ‘कुठल्याही टर्फला रबर’. इनफिल, म्हणजे गवताच्या धाग्यांमध्ये भरायचा भराव, कार्पेटला वजन देतं, धागा उभा धरतं आणि बॅकिंगला, म्हणजे धागे ज्यात ओवलेले असतात त्या खालच्या थराला, उन्हापासून झाकतं. पडणाऱ्याला सांभाळणं हे पुढचं काम, आणि ते जिथे कुणी पडणार आहे तिथेच. पन्नास-साठ मिलिमीटर धाग्याच्या फुटबॉल मैदानात रबर हवंच. पण तिथेही बहुधा खाली वाळू आणि वर रबर असतं. ऑफिसच्या अंगणात किंवा कॅफेच्या गच्चीवर लोक खुर्च्या टाकून बसतात. तिथे हेच दाणे चपलांना, मोज्यांना चिकटून आतल्या सोफ्यापर्यंत पोचतात आणि झाडूवाल्या मावशींच्या शिव्या खातात.

‘वाळू पाणी धरते.’ यात तथ्य आहे, पण वाळू कुठली ते मेसेज सांगत नाही. आपल्याकडे बांधकामाच्या उरलेल्या ढिगातली क्रश सँड सर्रास टर्फमध्ये ढकलली जाते. ती बेसाल्ट फोडून केलेली: दाणा धारदार, वर भुकटी. धार धागा कापते, भुकटी पहिल्या पावसात खाली बसून बॅकिंगची भोकं बुजवते. मग पाणी तुंबतं आणि नाव वाळूचं खराब होतं. टर्फला लागते ती धुतलेली, वाळवलेली, गोलसर दाण्याची सिलिका वाळू. कणकवली तालुक्यातला कासार्डे परिसर तिच्यासाठी ओळखला जातो. पोतं उघडल्यावर तपासणी दोन मिनिटांची. पाण्याच्या पारदर्शक बाटलीत मूठभर वाळू टाकून हलवा. दाणे तळाशी बसूनही पाणी गढूळच राहिलं, तर गाडी परत पाठवा. दुसऱ्या चिमटीवर व्हिनेगर टाका. फेस आला, तर त्यात शिंपल्यांचा चुरा किंवा चुना आहे, आणि तोच पुढे थर धरतो.

‘रबर पावसात हलत नाही.’ हे लिहिणाऱ्याने मुंबईतला जुलै पाहिलेला नसावा. क्वार्ट्झची वाळू पाण्याच्या अडीचपटीहून जड. टायरचं रबर पाण्यापेक्षा जेमतेम जड, आणि दाण्यांना हवा चिकटली की ते चक्क तरंगतं. पाणी साचलं की रबर उताराच्या बाजूला सरकतं, कोपऱ्यात काळी रांग लागते, उरलेलं गच्चीच्या पाणी जायच्या जाळीत. जाळी तुंबली की पुढचा खर्च वॉटरप्रूफिंगचा. सपाट गच्चीवर, जिथे उतार नावापुरता असतो, तिथे रबर मी सुचवतच नाही.

‘थंड राहतं’ हे तर उलटंच. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२ साली आपल्या कृत्रिम मैदानावर मोजमाप केलं, तेव्हा पृष्ठभाग एका क्षणी ९३ अंश सेल्सिअसपर्यंत गेला होता. अर्थात वाळू घातली म्हणून गारवा येतो असंही नाही. प्लॅस्टिकचा धागाच तापतो. पाणी मारलं की उतरतं, थोड्याच वेळात पुन्हा चढतं. दुपारी मुलं अनवाणी खेळणार असतील तर सावलीचा खर्च आधी धरा, भरावाचा नंतर.

या मेसेजला उत्तर म्हणून दुसरा फिरतो: ‘युरोपने कॅन्सरमुळे रबरावर बंदी घातली.’ तोही अर्धवट. युरोपीय संघाचा २०२३ चा नियम सूक्ष्म प्लॅस्टिक निसर्गात पसरू नये म्हणून आहे. मैदानात भरायच्या अशा दाण्यांची विक्री ऑक्टोबर २०३१ पासून थांबेल. कर्करोगाशी संबंध जोडल्या जाणाऱ्या पीएएच रसायनांवर तिथे वेगळी मर्यादा आहे, किलोमागे २० मिलिग्रॅम. अमेरिकी सरकारी संस्थांच्या २०२४ च्या अहवालात खेळाडूंच्या शरीरात जाणारं प्रमाण मर्यादितच असावं असं म्हटलंय. घाबरायचं कारण नाही, पण ‘अगदी निर्धोक’ असं छापायलाही आधार नाही. विक्रेत्याकडे पीएएचचा चाचणी अहवाल मागा. बहुतेक वेळा तिथेच बोलणं थांबतं.

नारळाच्या काथ्याचा भराव ऐकायला छान, पण आपल्या पावसात तो कुजतो आणि वाहतो. कुत्र्यांची ये-जा असेल तर वाळूत झिओलाइट हे खनिज मिसळा. तो लघवीतला अमोनिया धरतो.

राहिलं ‘दहा वर्षं विसरा’. क्रीजजवळ, गोलपोस्टसमोर, दाराच्या तोंडाशी भराव उडतो आणि दबतो. ब्रश फिरवायचा, दबलेलं मोकळं करायचं, कमी पडलेलं टाकायचं, हे वाळूलाही चुकत नाही आणि रबरालाही. कोटेशनमध्ये ‘इनफिलसह’ एवढ्यावर सही करू नका. चौरस मीटरला किती किलो ते लिहून घ्या. वाळूचा १० मिलिमीटर थर म्हणजे चौरस मीटरला १५ ते १६ किलो. दोन हजार चौरस फुटांना पावणेतीन ते तीन टन, म्हणजे पन्नास किलोची पंचावन्न ते साठ पोती. टेम्पोतून वीसच उतरली, तर बाकीची कुठे आहेत ते कार्पेट पसरायच्या आधी विचारा.