साथीची भाकिते आणि इंदूरचा उंदीर

‘साथ दर शंभर वर्षांनी येते, लेखकांना ती आधीच कळते आणि आपल्याकडे मात्र देवीच्या कोपाच्या कहाण्यांपलीकडे कोणी काही लिहिले नाही’, अशा आशयाचा संदेश पुन्हा फिरतो आहे. इंदूरच्या आमच्या मामींनी तो नातीच्या शाळेतील भाषणासाठी वहीत उतरवून दिला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

१७२०, १८२०, १९२०, २०२० ही साखळी ओढूनताणून जुळवलेली आहे. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, पहिली मोठी साथ १८१७ मध्ये बंगालात सुरू झाली, मुंबईत प्लेग १८९६ मध्ये आला आणि इन्फ्लुएंझाने १९१८ मध्ये कहर केला. संदेशात ‘१८६९ मधील’ म्हणून दिलेली घरी थांबलेल्या माणसांची कविता अमेरिकेतील किटी ओमिरा यांनी मार्च २०२० मध्ये लिहिली. १९८१ च्या एका इंग्रजी कादंबरीत वुहानच्या विषाणूचे नाव आढळते, एवढे खरे. परंतु पहिल्या आवृत्तीत तो विषाणू रशियातील गोर्कीचा होता, वुहान १९८९ च्या आवृत्तीत आले.

शेवटचा मुद्दा मात्र इंदुरात बसून कोणी पुढे पाठवावा, याचाच संताप येतो. नगररचनेसाठी होळकर दरबाराने बोलावलेल्या पॅट्रिक गेडिस यांनी प्लेगने धास्तावलेल्या याच शहरात १९१७ च्या दिवाळीत मिरवणूक काढली आणि ती नेहमीच्या रस्त्याने न नेता, जिथे लोकांनी घरे व गल्ल्या सर्वांत चांगल्या साफ केल्या असतील तिथून नेण्याचे जाहीर केले. तिच्यात घाणीचा राक्षस होता, अंगभर पिसवा दाखवलेला प्लेगचा अजस्र उंदीर होता, आणि अखेरीस दोघांचे दहन झाले. देवीच्या कहाण्या आपल्याकडे होत्या आणि त्यांनी काही वेळा औषधोपचारापासून लोकांना दूर ठेवले, हे नाइलाजाने मान्य करतो. पण गेडिस यांनी रावणदहनाची घरोघरी ठाऊक असलेली गोष्टच घेतली आणि लोकांना केरसुणी हातात घ्यायला लावली.

राहिला ‘कोणी लिहिले नाही’ हा आरोप. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त प्लेगचे दिवस आहेत. हिंदी कवी निरालांनी ‘कुल्ली भाट’मध्ये इन्फ्लुएंझाने पत्नी गेल्याचे आणि प्रेतांनी भरलेल्या गंगेचे लिहिले आहे, ते १९३९ चे पुस्तक हिंदीत शिकलेल्या इंदुरी मराठी माणसाला वाचायला भाषेची अडचणही नाही.